रिकाम्या टाकीचे ७६ दिवस

माळव्यात समुद्र नाही. इंदूरहून पश्चिमेस निघाले तरी खारा वारा अंगास लागावयास एका रात्रीचा प्रवास पडतो. असे असूनही आमच्या घराच्या पुढील खोलीत, देवघराच्या भिंतीस पाठ लावून, २५० लिटर समुद्र उभा आहे. काचेची चार फुटी टाकी, आणि तीत पाणी मात्र नर्मदेचे. १९७८ पासून घाट चढून इंदुरात येणारे हे पाणी आधी शुद्धीकरण यंत्रातून काढावयाचे, मग त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ विरघळवावयाचे. हे मीठ स्वयंपाकघरातील नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे समुद्रात असते ते सारे असावे लागते. संपूर्ण टाकी भरावयास पावणेनऊ किलो लागते. नर्मदामाई भडोचच्या पुढे जाऊन सागरास मिळते असे आपण शाळेत शिकलो; आम्ही तिला वाटेतच सागर करून टाकतो, इतकेच.

हा खटाटोप आमच्या भाच्याचा. तो शिक्षणासाठी आमच्याकडे येऊन राहिला, पुढे नोकरीही इथेच लागली, आणि २०१९ मध्ये त्याने ही टाकी मांडली. खाऱ्या पाण्यातील मासे पाळण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांतून शिरली आहे. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटाने तिला जो जोर चढला तो अद्याप ओसरलेला नाही. उज्जैन, देवास, बडोदे इथल्या आप्तमंडळींकडून 'आमच्या मुलाने टाकी आणली आहे, माशांना पांढरे पांढरे काहीतरी झाले आहे' अशी विचारणा आम्हांस वरचेवर होते. दूरध्वनीवर पाच मिनिटांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

२०२३ च्या फेब्रुवारीत भाच्यास नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. तो गेला, टाकी राहिली. त्या वेळी तीत सात मासे होते: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली विदूषक माशांची एक जोडी, हिरवट झाक मारणारे तीन क्रोमिस, पिवळ्या शेपटीचा एक निळा डॅमसेल, आणि साऱ्यांच्या वर शोभणारा पावडर ब्लू टँग. या शेवटच्या माशाचे वर्णन काय करावे! आकाशी निळे अंग, काळा चेहरा, पाठीवर हळदीच्या रंगाचा पर. हिंदी महासागराचा हा खास रहिवासी. भाच्याने तो जाण्यापूर्वी काही आठवडे आधीच आणला होता. निघताना त्याने आमच्या पायांवर डोके ठेवले, आणि मग टाकीच्या काचेवर हात ठेवून म्हणाला, "मामा, एवढे सांभाळाल ना?" दुसऱ्याची ठेव घरात असली म्हणजे माणसाची झोप हलकी होते.

१७ फेब्रुवारीच्या सकाळी टँगच्या परांवर मिठाचे कण उधळल्यासारखे ठिपके दिसले. पाच, सहा, संध्याकाळपर्यंत वीस. अर्ध्या मिलिमीटरहून लहान, पण काळ्या चेहऱ्यावर ते लपत नव्हते. आमच्या मातोश्रींनी चष्मा लावून टाकीजवळ खुर्ची ओढली. त्यांचे वय ८४. लहानपणी गावात देवीची साथ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली. क्षणभर पाहून त्या म्हणाल्या, "अरे, याला देवी आल्या!" आणि सौ.ला कडुलिंबाचा पाला आणावयास सांगितले. पाला टाकीत गेला नाही, खोलीच्या उंबऱ्यावर गेला. आई ऐकणारी नव्हे आणि आम्हीही पाला पाण्यात सोडू देणारे नव्हतो. तडजोड ती अशी.

देवीची उपमा मात्र अगदीच चुकीची नव्हती. आजार अंगावर फुटतो, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि जो त्यातून वाचतो त्यास काही महिने थोडेबहुत संरक्षण लाभते. फरक एवढाच, की देवीचा विषाणू माणसाच्या शरीरातच वाढे. हा परजीवी माशाच्या अंगावर जेवतो आणि संसार दुसरीकडे मांडतो. साऱ्या प्रकरणाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

१७ तारखेनंतर चार दिवसांनी काय झाले ते पाहावे. २१ तारखेस टँग स्वच्छ! अंगावर एक ठिपका नाही. क्रोमिसवर दोन-चार दिसत होते तेही गेले. शेजारचे अण्णा आले, पाहून म्हणाले, "बघा, निसर्ग आपले काम करतो." उंबऱ्यावरील कडुलिंबास श्रेय मिळाले. भाच्यास चित्र पाठविले, त्याने आनंदाचे चार शब्द उलट पाठविले. आम्ही दोघे तेवढे गप्प होतो, कारण त्या चार दिवसांत या विषयावर मिळेल ते वाचून काढले होते. तांब्याचे औषध आणि ते मोजण्याचे साहित्य मुंबईहून मागविलेले होते, ते वाटेत होते. ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नसून, ठिपके पिकून गळून पडले असा होता.

या परजीवीचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. पहिल्या शब्दाचा अर्थ 'लपलेले केंद्रक', दुसऱ्याचा 'खाजविणारा'. एका पेशीचा जीव, अंगभर केसांसारखे बारीक तंतू, त्यांच्या वल्ह्यांवर पोहतो. गोड्या पाण्यातील माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो जीव निराळा. दिसण्यात आणि वागण्यात जुळे भाऊ, नात्याने दूरचे. त्यामुळे गोड्या पाण्यावरची औषधे इकडे उचलून आणणे धोक्याचे ठरते.

त्याचा जीवनक्रम असा. माशाच्या कातडीत, वरच्या पडद्याच्या खाली शिरून तो तीन ते सात दिवस तिथे राहतो. ऊती खातो, गोल गोल फिरतो, फुगतो. आपणांस दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. कल्ल्यांतही तो असतो; तिथला आपणांस दिसत नाही आणि मारतो तो मुख्यतः तिथलाच. पोट भरल्यावर तो आपण होऊन मासा सोडतो, बहुधा अंधारात, पहाटेपूर्वी, जेव्हा मासे तळाशी दगडांच्या आडोशास निजलेले असतात. तळाशी वाळूवर, दगडावर, शंखावर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटून तो स्वतःभोवती कवच बांधतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत दोनशेच्या घरात पिल्ले तयार होतात. मग कवच फुटते आणि ही पिल्ले पाण्यात पोहत सुटतात. एक-दोन दिवसांत मासा गाठला नाही तर ती मरतात. पहिल्या काही तासांनंतरच त्यांचा जोम कमी होत जातो.

समुद्रात हा हिशेब माशाच्या बाजूचा असतो. मासा काल रात्री जिथे निजला तिथे आज असेलच असे नाही, पाणी अफाट, आणि दोनशे पिल्लांतून एखाद्यास यजमान सापडला तर सापडला. म्हणूनच मोकळ्या समुद्रातील माशांवर त्याचा फार मोठा प्रादुर्भाव क्वचित दिसतो. चार फुटी टाकीत मात्र तोच मासा त्याच दगडाखाली रोज निजतो, आणि पहाटे कवच फुटते ते त्याच्या नाकाखाली. पहिल्या फेरीत वीस ठिपके असतील तर दुसरीत किती, याचे गणित वाचकांनी स्वतःच मांडून पाहावे. आमच्या टाकीत दुसरी फेरी २५ फेब्रुवारीस आली. टँग पिठात घोळल्यासारखा दिसू लागला. श्वास इतका जलद की कल्ल्यांची उघडझाप मोजता येईना. एक क्रोमिस त्याच रात्री गेला.

त्या क्रोमिसचा उपयोग झाला, असे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाला खरा. आमच्या गल्लीत प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांच्या घरी जुने पितळी सूक्ष्मदर्शक आहे. कल्ल्याचा एक धागा त्यांनी काचपट्टीवर घेतला आणि आम्हांस डोळा लावावयास सांगितले. धुरकट तपकिरी रंगाचा एक गोळा अत्यंत संथपणे, जणू दिवाळीतले भुईचक्र विझत आल्यावर फिरते तसा, जागच्या जागी वळत होता. "केंद्रक दिसत नाही ना? म्हणून तर ते नाव," त्या म्हणाल्या. निदानाचे महत्त्व त्यांनीच पटवून दिले. खाऱ्या पाण्यात आणखी एक परजीवी आहे, अ‍ॅमिलूडिनियम. त्याने अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते आणि पाच-सहा दिवसांत टाकी ओस पडते. त्यात ठिपक्यांची वाट पाहत बसावयास सवड नसते. आमच्याकडे आलेला तो नव्हे, हे कळल्याने थोडा धीर आला.

या दोन्ही शत्रूंचे नामकरण करणारी व्यक्ती एकच. ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १९३१ साली सोनेरी धुळीच्या परजीवीचे वर्णन केले आणि वीस वर्षांनी, १९५१ मध्ये, पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीस आजचे नाव दिले. जपानी संशोधकांनी त्यास १९३० च्या दशकातच हेरले होते. म्हणजे माणसाने समुद्र काचेत भरावयास घेतला, आणि मगच या जिवाशी त्याची खरी ओळख झाली. योगायोग असा, की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ मध्येच उघडले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आत्याकडे गेलो म्हणजे ते पाहण्याचा आमचा हट्ट असे. तेव्हा काचेपलीकडच्या माशांना आजार होत असतील हे मनातही आले नव्हते.

आता उपायांविषयी. इथे सल्ल्यांचा सुकाळ आहे. कोणी खाण्यात लसूण कालवावयास सांगतो. लसणीने माशाची भूक वाढत असेल, परजीवी त्यामुळे मरत नाही. कोणी म्हणतो, सफाई करणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी आणा, ती माशांना टोचून साफ करील. ती आमच्या टाकीत होतीच, पण ठिपका कातडीच्या खाली असतो; तिच्या चिमट्यास तो लागत नाही. जंबुपार किरणांचा दिवा पोहणाऱ्या पिल्लांपैकी काही मारतो, सारी नव्हे. मासा गोड्या पाण्यात पाच मिनिटे बुडविण्याचा उपाय दुसऱ्या काही परजीवींवर चालतो, या कातडीखालच्यावर फारसा नाही. आणि 'मूळ टाकीतच टाका, कशासही अपाय नाही' अशा चिठ्ठीच्या बाटल्यांविषयी आमचे मत विचाराल तर, ज्या औषधाने गोगलगाईस काहीच होत नाही त्याने या चिवट जिवास काय होणार आहे!

खरोखर चालणारे मार्ग मोजके आहेत. पाण्याचा खारेपणा निम्म्याहून खाली, लिटरमागे १५-१६ ग्रॅमपर्यंत, उतरवून काही आठवडे तसाच राखणे हा एक. त्यात कवच टिकत नाही. पण काही ठिकाणचे वाण कमी खारेपणातही जगतात असे आढळले आहे. दुसरा मार्ग, दर तीन दिवसांनी मासे संपूर्ण कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलविणे. गळून पडलेला परजीवी जुन्या टाकीत राहतो आणि कवच फुटण्यापूर्वी मासे पुढच्या घरी. चार वेळा हे केले म्हणजे मासा मोकळा होतो. श्रमाचा, पण बिनऔषधी मार्ग. तिसरा म्हणजे तांबे. आम्ही तोच धरला, कारण दम लागलेल्या माशांना तीन तीन दिवसांनी पकडणे आमच्याने होण्यासारखे नव्हते.

तांब्याचे गणित नाजूक आहे. मुक्त तांबे लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे. त्याहून कमी झाले तर परजीवी हसतो, जास्त झाले तर मासा मरतो. ६० लिटरच्या टबास जास्तीत जास्त १२ मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या पाच-सहा दाण्यांच्या वजनाएवढे. तेही एकदम घालावयाचे नाही. दोन-तीन दिवसांत चढवीत न्यावयाचे. ज्या धातूच्या तांब्यातील पाणी आपण आरोग्यासाठी सकाळी उठून पितो, तोच धातू इतक्या सूक्ष्म प्रमाणात कोळंबी, खेकडे, गोगलगाई यांचा प्राण घेतो. म्हणून तो मूळ टाकीत कधीच घालावयाचा नाही. शिवाय टाकीतील चुनखडीची वाळू आणि दगड त्यास शोषून घेतात, आणि मोजमापाचा काही भरवसा उरत नाही. टब उघडा हवा: वाळू नाही, दगड नाही, लपावयास नळाच्या प्लॅस्टिक पाइपचे तुकडे, आणि स्पंजची गाळणी. तांबे मारते तेही फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतला सुरक्षित, कवचातला सुरक्षित. त्यांनी बाहेर येईपर्यंत दबा धरून बसावे लागते.

औषध २७ तारखेस पोहोचले. २८ रोजी संध्याकाळी आम्ही दोघांनी उरलेले सहा मासे मागील पडवीतील टबात हलविले. आणि तेव्हापासून घरात सोवळे सुरू झाले.

हा शब्द आईचा. मूळ टाकीचे जाळे, बादली, नळी टबास लागता कामा नये आणि टबाचे काहीही टाकीस लागता कामा नये. एका पाण्यात बुडालेला हात कोरडा केल्याखेरीज दुसऱ्यात जाऊ नये. कारण पाण्याच्या एका थेंबातून, ओल्या जाळ्याच्या एका गाठीतून पिल्ले किंवा कवच पलीकडे जाऊ शकते. पूर्ण वाळले की मरते. आम्ही हे सौ.ला समजावून सांगत होतो, तोच आई आतून म्हणाली, "एवढे काय सांगतोस? टाकीचे सोवळे आणि टबाचे ओवळे, झाले!" साठ वर्षे ज्या बाईने ओलेत्याने स्वयंपाक केला तिला हे शिकवावयाचे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी बादल्यांना दोन रंगांचे दोरे बांधलेले होते. शेजारच्या मुलाने हौसेने टबाचे जाळे टाकीकडे नेले, तर तिने त्यास अशा आवाजात हटकले की तो आजतागायत पडवीत पाय ठेवताना विचारतो. विज्ञानाच्या पुस्तकांनी जे आम्हांस चार दिवसांत शिकविले ते आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. कारण निराळे, शिस्त तीच.

टँग टबात तिसऱ्या दिवशी गेला. कल्ले आधीच खाल्ले गेले होते. औषध पुढच्या फेरीस अडवते, झालेली हानी भरून काढत नाही. शेवटच्या रात्री तो पाइपच्या तुकड्यापाशी तिरका होऊन हवेच्या बुडबुड्यांत तोंड धरून होता. त्यापूर्वी एक दिवस दुसरा क्रोमिस गेला होता. विदूषकांची जोडी, एक क्रोमिस आणि डॅमसेल असे चौघे उरले. भाच्यास कळवावयास आमची जीभ रेटेना, सौ.ने कळविले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारले, "चौघे खातात ना?"

चौघे खात होते. ३० दिवस तांबे चालले. रोज सकाळी नळीत पाणी घेऊन रंग पाहावयाचा, पट्टीशी जुळवावयाचा. नव्या टबात माशांची घाण पचविणारे जंतू पुरेसे नसतात, त्यामुळे अमोनिया वाढतो. दररोज एक-तृतीयांश पाणी बदलावयाचे, आणि नव्या पाण्यातही तांबे तेवढेच राखावयाचे. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा पंप. हे सारे कष्टाचे असले तरी सोपे होते, कारण हाताला काम होते. अवघड होती ती पुढील खोलीतील टाकी, जिला काहीच करावयाचे नव्हते.

मासे नसतील तर पोहणाऱ्या पिल्लांस यजमान मिळत नाही. हा परजीवी हाडाच्या माशांवरच जगतो. कोळंबी, खेकडे, गोगलगाई त्याच्या उपयोगाच्या नाहीत. तेव्हा टाकी माशांविना ठेवली की वंश खुंटतो. प्रश्न किती दिवस, एवढाच. बहुतेक कवचे तीन दिवस ते चार आठवडे एवढ्या काळात फुटतात. परंतु सारी एकाच वेळी फुटत नाहीत. एखादे मागे राहते. शास्त्रीय नोंदींत असे एक मागे राहिलेले कवच ७२ व्या दिवशी फुटल्याचे आढळते. म्हणून जाणकार ७२ वर चार दिवस धरून ७६ म्हणतात. सहा आठवडे पुरतात असे म्हणणारेही आहेत आणि उबदार पाण्यात बहुधा पुरत असतील. पण ठेव दुसऱ्याची होती. आम्ही १ मार्च हा पहिला दिवस धरला आणि दिनदर्शिकेवर १५ मेपर्यंत पेन्सिलीने आकडे घातले.

रिकामी टाकी म्हणजे बंद टाकी नव्हे. दिवा रोज लावावयाचा, पाणी फिरते ठेवावयाचे, उष्णता २७ अंशांवर राखावयाची, कारण उबेत परजीवीचे चक्र लवकर आटोपते. गाळणीतील जंतू उपाशी मरू नयेत म्हणून दोन दिवसांआड चिमूटभर खाणे. कोळंबी दगडावरून शिंगे हलवीत हिंडे, शंखात राहणारे खेकडे वाळू चाळीत बसत. बाकी निळ्या उजेडात नुसते पाणी. माळव्याचा उन्हाळा चढू लागला तसे एप्रिलमध्ये रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाऊ लागले. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड्याच पाण्याची. दुपारी टाकीवर पंखा, आणि फारच तापले तर बर्फाची बंद बाटली तरंगत सोडावयाची.

बाराव्या दिवशी रंगपंचमी होती. राजवाड्याच्या गेरेतून भिजून आलेली मंडळी चहास थांबली आणि टाकीपुढे उभी राहून मासे शोधू लागली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आलेल्या बायका कैरीची डाळ आणि पन्हे घेता घेता त्या काचेकडे पाहात. "मासे गेले वाटते?" "नाहीत, पडवीत आहेत." "मग इकडे का नाही आणीत? पाणी तर किती स्वच्छ दिसते आहे!" हा प्रश्न आम्ही त्या अडीच महिन्यांत किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. पाणी खरोखरच स्वच्छ होते. पडवीत मासे अरुंद टबात गिरक्या घेत होते आणि इकडे चार फुटी महाल मोकळा. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास अण्णा पुन्हा आले आणि म्हणाले, "आता पुरे की! तुम्ही उगाच त्या मुक्या जिवांचे हाल करता." हे बोलणे मनास लागले. मासे निरोगी दिसत होते, टाकी निरोगी दिसत होती. आणि आमच्यापाशी उत्तर म्हणून दिनदर्शिकेवरील पेन्सिलीचे आकडे तेवढे होते. पण २१ फेब्रुवारीसही सारे निरोगीच दिसत होते. शिवाय एकदा रोगातून वाचलेल्या माशाच्या कल्ल्यांत दोन-चार परजीवी, बाहेर काहीही न दाखवता, राहू शकतात. या रोगात डोळ्यांची साक्ष धरता येत नाही.

१६ मे रोजी सकाळी दोन्हीकडची उष्णता आणि खारेपणा जुळवून, टबातील पाणी टाकीत जाऊ न देता, चौघांस एकेक करून सोडले. डॅमसेल क्षणात दगडांत नाहीसा झाला. क्रोमिस पाण्याच्या प्रवाहात तोंड करून एकटाच उभा राहिला. त्याचे दोन सोबती नव्हते आणि ही जात थव्याने राहणारी. विदूषकांची मादी (मोठी ती मादी, हे वाचकांस ठाऊक असेल) थेट आपल्या जुन्या कोपऱ्यात गेली आणि तिने तिथे बसलेल्या खेकड्यास धक्के मारून हुसकून लावले. आईने टाळ्या वाजविल्या. पुढे महिनाभर आम्ही रोज सकाळी भिंग घेऊन पाहिले. ठिपका दिसला नाही, अद्याप नाही.

त्या दिवाळीच्या सुटीत भाचा आला. टँग पुन्हा आणावा असे त्याच्या मनात होते. पैसे मी पाठवितो म्हणाला. आम्ही नको म्हटले. एक तर हे मासे या परजीवीस फार लवकर बळी पडतात. त्या कुळाची कातडीच तशी. दुसरे, दिवसभर प्रवाळांच्या काठाने मैल मैल पोहणाऱ्या माशास चार फूट म्हणजे कोठडी. भरधाव निघावे आणि लगेच काच यावी. आणि तिसरे, तो समुद्रातूनच धरून आणलेला असतो. तिथून विक्रेत्याच्या टाकीत, तिथून पिशवीत, तिथून आणखी कोणाच्या टाकीत, आणि प्रत्येक ठिकाणी शंभर माशांचे एकच पाणी. आपल्याकडे प्रवाळ काढण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, ते योग्यच आहे. माशांच्या बाबतीत निवड मुख्यतः आपल्याच विवेकावर सोडलेली आहे. विदूषक माशांचे तसे नाही. त्यांची पैदास टाक्यांतच होते. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथे त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे. समुद्र न पाहिलेला मासा माळव्यात राहिला तर त्याचे काही हिरावून घेतले असे आम्हांस वाटत नाही. भाच्यास हे सारे पटले असे नाही. तो टाकीसमोर बराच वेळ बसून राहिला, आणि मग म्हणाला, "क्रोमिसला तरी सोबत आणू या."

त्याप्रमाणे चार क्रोमिस आणले. पण ते टाकीत गेले नाहीत. पडवीतील टब धुऊन, वाळवून पुन्हा मांडला आणि त्यात ते तांब्याखाली आणि नंतर नुसत्या पाण्यात मिळून दोन महिने राहिले. भाच्याची सुटी तोवर संपली होती. बादल्यांचे रंगीत दोरे तसेच होते. आईने दिनदर्शिकेवर या वेळी आकडे स्वतःच्या हाताने घातले, आणि रोज सकाळी देवपूजा आटोपली की पडवीत जाऊन चौघे मोजून येई.